बायोडेटातली सॉफ्टवेअर इंजिनिअर

पत्र थोडक्यात असं: कळव्याची पंचविशीतली वाचक. बीएससी आयटी झाल्यावर आठ महिने डेव्हलपरच्या नोकरीसाठी हिंडली, जमलं नाही. शेवटी महाप्याच्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टला लागली. कंपनी छोट्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग, स्टॉक आणि जीएसटीचं सॉफ्टवेअर विकते. सव्वा वर्ष झालं. पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) कापून हातात १८,००० रुपये येतात. दिवसाला चाळीसेक कॉल, मराठी आणि हिंदी दोन्ही तिच्याकडे. “निम्मे लोक ओरडतच सुरुवात करतात. जीएसटीचे दर बदलले त्या दिवशी सत्तर कॉल घेतले. दुपारपर्यंत लक्षात आलं की प्रश्न तीनच प्रकारचे आहेत, म्हणून तिन्हींची उत्तरं टीमच्या ग्रुपवर टाकली. डबा तसाच घरी आणला.” कॉल सात मिनिटांत संपवायचा असा नियम. तिचे अकरा मिनिटं चालतात, त्यावरून टीम लीड दर महिन्याला सुनावतो. वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, “कॉम्प्युटर शिकून शेवटी टेलिफोनच उचलतेस.” आईने लग्नाच्या बायोडेटात ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ लिहून टाकलंय. डोंबिवलीचं एक स्थळ आलंय. मुलगा डेव्हलपर आहे आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंय, “कोणत्या टेक्नॉलॉजीवर काम करता?” चार दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. त्यातच एका मैत्रिणीने ठाणे स्टेशनजवळची कन्सल्टन्सी सुचवली. ७५,००० रुपयांत तीन महिन्यांचा टेस्टिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा कोर्स, वर दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर आणि पगाराच्या स्लिपा. चाळीस हजार साठलेत, उरलेले आईच्या भिशीतून मिळतील. “सव्वा वर्ष फुकट गेलं का? आणि पैसे भरू का?”

प्रिय मैत्रिणी,

आधी पैशांचं बोलू, कारण घाई तिथेच आहे. ते ७५,००० भरू नकोस.

खरं-खोटं काय ते तुला घरी शिकवलेलं आहेच, मी फक्त व्यवहार सांगते. तुझा पीएफ कापला जातो, म्हणजे तुझा बारा आकडी यूएएन, पीएफचा कायमचा नंबर, आहे. ईपीएफओच्या पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी उघड. कुठल्या कंपनीत कोणत्या तारखेला लागलीस ते तिथे नोंदलेलं दिसेल. जरा बरी कंपनी असली की ती बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशन करते आणि त्यात ही नोंद मागते. ज्या दोन वर्षांचं लेटर तुला विकणार आहेत, त्यातलं सव्वा वर्ष तुझा पीएफ महाप्याहून भरला गेलाय. एकाच वेळी दोन ठिकाणी कशी होतीस, याचं उत्तर कन्सल्टन्सीवाला देणार नाही, तुलाच द्यावं लागेल. पकडलं गेलं तर ऑफर जाते. लागून सहा महिने झाले असले तरी काढून टाकतात. शिवाय बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे. कन्सल्टन्सीवाल्यांचं काय जातंय? पाटी बदलून दुसऱ्या गाळ्यात बसतील.

राहता राहिला कोर्स. टेस्टिंग शिकण्यात वाईट काहीच नाही. पण शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देणाऱ्या कुठल्याही क्लासला एकच मागणी करायची: गेल्या बॅचमधल्या चार मुलांचे नंबर द्या. टाळाटाळ झाली की चहा पिऊन परत यायचं.

मला खटकलं ते वेगळंच. तू लिहितेस, “एरर माझ्या मशीनवर पुन्हा आणून दाखवल्याशिवाय डेव्हलपर टिकीट (ग्राहकाच्या तक्रारीची नोंद) घेत नाहीत, त्यात माझा वेळ जातो.” अगं, कोणत्या व्हर्जनवर, कोणत्या स्क्रीनवर, कोणता डेटा टाकला की चूक परत येते हे शोधून काढणं हा टेस्टिंगच्या कामाचा मोठा भाग आहे. ज्या अनुभवाचं खोटं लेटर घ्यायला निघालीस, त्यातला काही अनुभव तू रोज फुकट घेतेयस आणि वर त्याची तक्रारही करतेयस. टेस्ट केस लिहिणं (काय काय तपासायचं त्याची यादी), ऑटोमेशन (ते तपासणं प्रोग्रॅमकडून करून घेणं) हे सगळं अजून शिकावं लागेल, हे खरं. पण तुझी सुरुवात शून्यापासून नाही.

आता तो जीएसटीचा दिवस. २२ सप्टेंबर २०२५, सोमवार, घटस्थापना. १२ टक्क्यांतल्या जवळजवळ सगळ्या वस्तू ५ वर आल्या, २८ मधल्या बऱ्याचशा १८ वर आल्या, शाम्पू-टूथपेस्टसारखं काही १८ वरून थेट ५ वर. बातम्यांमध्ये हे दोन मिनिटांत सांगून झालं. दुकानात काय झालं ते तुला माहीत आहे. फरसाणवाल्याच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीत, अजून १२ च होते आणि समोर नवरात्राचं गिऱ्हाईक उभं. दुसऱ्या कुणी सगळे आयटम एका फटक्यात बदलले आणि १८ वर राहायला हवे होते तेही ५ वर नेऊन ठेवले. तिसऱ्याकडे ऑगस्टच्या बिलावरचा माल परत आला, आता क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची वजावट दाखवणारा कागद, कुठल्या दराने काढायची? जुन्याच, कारण मूळ बिल जुन्या दराचं. तुझे ते तीन प्रकार साधारण हेच असणार. सत्तर घाबरलेल्या माणसांच्या गोंधळातून अर्ध्या दिवसात तू ते वेगळे काढलेस, उत्तरं लिहिलीस, टीमला दिलीस, आणि पत्रात पुढच्याच वाक्यात डब्यावर गेलीस! मी इंटरव्ह्यू घ्यायला बसले असते तर त्या डब्यावरून तुला मागे ओढून आणलं असतं आणि त्या दुपारबद्दलच अर्धा तास विचारलं असतं.

“हे खरं आयटी नाही” असं तू पत्रात बऱ्याचदा म्हणतेस. कोड लिहिणारा तो खरा, फोन घेणारा तो उरलेला, अशी ही वाटणी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होते. धंदा तशी वाटणी करत नाही. व्यापाऱ्यांचं सॉफ्टवेअर एकदा विकून संपत नाही, दर वर्षी त्याचं रिन्यूअल होतं. रिन्यूअलच्या वेळी व्यापाऱ्याला कोड आठवत नाही. मार्चअखेरीला आपला फोन कुणी उचलला आणि काम झालं का, एवढंच आठवतं. सपोर्टचं काम नीट चालावं म्हणून लागणारी टिकीटची सॉफ्टवेअर विकत चेन्नईत २०१० साली सुरू झालेली फ्रेशवर्क्स २०२१ मध्ये नॅसडॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजारावर गेली. कुणाला तरी हे काम बऱ्यापैकी खरं वाटलं असणार.

म्हणून तुझी नोकरी उत्तम आहे असं मी म्हणत नाही. १८,००० कमीच आहेत. पहिल्या पायरीवर तेच पन्नास प्रश्न फिरून फिरून येतात आणि दीड-दोन वर्षांनी शिकणं आटतं. तिथे पाच वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. आवाज थकतो, आणि हळूहळू ग्राहक म्हणजे शत्रू वाटायला लागतो. तुला बाहेर पडायचंय, ते बरोबरच आहे. मात्र कशातून बाहेर पडायचंय ते आधी ठरव. सपोर्टमधून, की सात मिनिटांच्या घड्याळातून?

त्या सात मिनिटांकडे जरा जवळून बघू. समज, वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून फोन आला. “मॅडम, बिल निघत नाही, गाडी भरून उभी आहे.” स्क्रिप्टप्रमाणे तू नेट चालू आहे का विचारतेस, लॉगिन परत करायला लावतेस. सहा मिनिटं होतात, “थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा” म्हणून कॉल बंद. नियमात बसला. अकरा मिनिटांच्या कॉलमध्ये तू एनीडेस्कचा (दुरून दुसऱ्याची स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर) नंबर घेतेस, स्क्रीन बघतेस आणि विचारतेस, “हे बिल आधी एकदा काढून रद्द केलं होतं का?” तेव्हा मागून मुनीमजींचा आवाज येतो, “हो, सकाळी. नाव चुकलं होतं.” इथे गोम सापडते. ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून बिलाला मिळणारा नोंदणी क्रमांक, एकदा रद्द केला की तोच बिल नंबर पुन्हा चालत नाही, पोर्टल परत पाठवतं. नवा नंबर टाकला, बिल निघालं, गाडी सुटली. पहिल्या पद्धतीत हाच माणूस तासाभरात पुन्हा फोन करणार, तेव्हा तो दुसऱ्या कुणाकडे जाणार, आणि तिथे ओरडून सुरुवात करणार. तुझ्या वाट्याला जे ओरडणारे येतात, त्यातले काही असेच कुणाच्या तरी सहा मिनिटांतून आलेले असतात.

म्हणून टीम लीडशी वाद घालू नकोस, आकडा माग. तुझ्या टिकिटांपैकी सात दिवसांत पुन्हा उघडलेली किती आणि टीमची सरासरी किती? ही माहिती टिकीटच्या सिस्टीममधून सहसा काढता येते. तुझी कमी निघाली तर अकरा मिनिटांचं समर्थन तुला करावं लागणार नाही. जास्त निघाली तर मात्र त्याचं ऐक. आणि एक गोष्ट स्वतःशीही तपास. त्या अकरातली किती मिनिटं शोधण्यात जातात आणि किती कॉल चालू ठेवून नोंद टाइप करण्यात? की शेठजींच्या मुलाचं अमेरिकेतलं अ‍ॅडमिशन ऐकण्यात? तो लीड काही दुष्ट नाही. तू एकाशी बोलत असताना रांगेत वीस जण लटकलेले त्याला स्क्रीनवर दिसत असतात आणि वरून कुणीतरी त्यालाही सुनावत असतं.

ओरडणाऱ्यांबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर जादूचा मंत्र नाही. एवढंच करून बघ. “आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत” हे वाक्य कंपनीने सक्तीचं केलं नसेल तर टाकून दे. ते ऐकलं की माणूस आणखी भडकतो, आणि मला तर त्यात माणसाचंच बरोबर वाटतं. त्याऐवजी त्याची अडचण त्याच्याच शब्दांत परत सांग: “गाडी उभी आहे ना? आधी ती सोडवू, बाकीचं मग बघू.” सांगलीचा, जळगावचा माणूस हिंदीत अडखळत भांडत असतो, त्याच्याशी मराठीत बोललीस की निम्मा राग तिथेच उतरतो. शिवीगाळ केली तर एकदा ताकीद देऊन कॉल कट करायची मुभा लेखी मागून घे. पर्सनल नंबर मागणारे, नको ते बोलणारे असतील तर ते मनात ठेवू नकोस. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि ग्राहकाकडून होणाऱ्या त्रासाची तक्रारही तिथे करता येते.

आता बाबा. त्यांचं वाक्य लागलं हे कळतंय. पण त्यांना एक विचार: प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना लॉगबुकात काय काय लिहायचे? कितीला प्रेशर वाढलं, कोणता व्हॉल्व्ह अडकला, काय केल्यावर सुटला, पुढच्याने कशावर नजर ठेवायची. ऑपरेटरने ते लिहिलं नाही तर इंजिनिअर आंधळा. त्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय आणि मला वाटतं ते खुशीने सांगतील. मग तसंच एक लॉगबुक तू सुरू कर, आजपासून. रोजचे चाळीस कॉल उतरवायचे नाहीत, त्यातले दोनच. ग्राहक काय म्हणाला, प्रत्यक्षात काय निघालं, तुला ते कसं सापडलं, आणि टिकीट वर गेलं असेल तर डेव्हलपरने काय उत्तर दिलं. एक पथ्य पाळायचं: ग्राहकाचं नाव, फोन, जीएसटी नंबर, स्क्रीनशॉट यातलं काहीही वहीत नाही, स्वतःच्या मोबाइलमध्ये तर मुळीच नाही. तो दुसऱ्याचा धंदा आहे, आणि त्यापायी नोकरीही जाऊ शकते.

दोन-तीन महिन्यांनी ती वही उघडलीस की कोणती पानं आवडीने लिहिलीस ते अक्षरावरून कळेल, आणि पुढची वाट त्यावरून ठरवायची. चूक परत परत घडवून तिच्या मुळाशी जाण्यात मजा आली असेल तर एल-टू सपोर्ट (तुमच्याकडून न सुटलेल्या अडचणी घेणारी वरची पायरी) आणि तिथून टेस्टिंग. ग्राहकाच्या गोडाऊनमध्ये काम कसं चालतं हे समजून घ्यायला आवडलं असेल तर इम्प्लिमेंटेशन. त्यात ग्राहकाकडे जाऊन सॉफ्टवेअर बसवायचं, जुना डेटा आत घ्यायचा, त्यांच्या माणसांना शिकवायचं. पगार जरा बरा असतो, पण भिवंडीच्या गोडाऊनपासून तळोजाच्या फॅक्टरीपर्यंत फिरणं आलं, आणि मार्च-एप्रिलमध्ये घरच्यांना तोंड दिसत नाही. समजावून सांगणारी पानं जास्त भरली असतील तर ट्रेनिंग किंवा मदतीचे लेख लिहिणं. ही जागा छोट्या कंपन्यांत स्वतंत्र नसते, पण ते काम कुणालाच करायचं नसतं म्हणून मागितलं की मिळतं. कायद्याचाच भाग आवडला असेल तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवून एखाद्या सीएच्या ऑफिसात जीएसटीचं काम, हीसुद्धा वाट आहे. अकरा तारखेला जीएसटीआर-वन आणि वीस तारखेला थ्री-बी ही जीएसटीची रिटर्न्स भरायची हे तुला कॅलेंडर न बघता माहीत आहे, बीकॉमच्या ताज्या मुलाला ते पाठ करावं लागतं.

आणि डेव्हलपर? तेच हवं असेल तर तसं म्हण, लाजू नकोस. पण मग “मुलाला डेव्हलपर बायको चालेल” हे त्याचं कारण नको.

यातल्या बहुतेक वाटांवर एक गोष्ट कामाला येते, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. तुझ्या सॉफ्टवेअरमागे डेटाबेसच आहे. “स्टॉक निगेटिव्ह दाखवतोय” हा कॉल आला की तू स्क्रीन बघतेस, एल-टूवाला क्वेरी मारून टेबल बघतो. फरक तेवढाच. हे शिकायला ७५,००० लागत नाहीत. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल फुकट आहे, आणि सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे) डेटाबेसचे कोर्स फुकट बघता येतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. एखाद्या काल्पनिक किराणा दुकानाची ग्राहक, आयटम, बिल अशी तीन टेबलं बनव आणि तुझ्याच कॉलमधले प्रश्न त्यांना विचार: महिनाभरात न विकला गेलेला माल कोणता, कोणत्या बिलात दर चुकलाय. रोज तीन तास अभ्यासाचं टाइमटेबल मात्र आखू नकोस. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरची लोकल, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा, आणि संध्याकाळी हेच उलटं. घरी आल्यावर घसा बसलेला असतो. सुट्टीच्या दिवशी सकाळचे दोन तास पुरेत, जर ते खरोखर बसलीस तर.

बॉटमुळे ही नोकरी जाईल का, हेही तू विचारतेस. काही भाग जाईल, खोटा दिलासा देत नाही. पासवर्ड विसरलो, रिपोर्ट कुठे सापडेल, प्रिंटर कसा जोडू, असले कॉल चॅटबॉट घेऊ लागलेच आहेत. ज्याची सगळी नोकरी या प्रश्नांवर चाललीय त्याने घाबरायला हवं. मुनीमजींनी सकाळी काय रद्द केलं ते मुनीमजी आपणहून बॉटला सांगत नाहीत, हेही तितकंच खरं. माझ्या मते सोपं काम कमी होईल, उरलेलं अवघड होईल आणि ते करणारी माणसं थोडी असतील. पहिल्या पायरीवर फार दिवस रेंगाळू नकोस असं म्हणते ते त्यासाठीच.

एमपीएससीचा उल्लेख तू जाता जाता केलायस. जाता जाता करण्यासारखी ती परीक्षा नाही, तेव्हा सोडून दे.

बायोडेटाचं आजच निस्तर. आईवर चिडू नकोस. बायोडेटा वाचणाऱ्या मावशी-आत्यांना कळेल असा शब्द तिने लिहिला, फसवायचा हेतू तिचा नसावा. पण समोरचा मुलगा याच क्षेत्रातला आहे, त्याला दोन प्रश्नांत कळेल. आणि कळलं की प्रश्न तुझ्या नोकरीचा राहणार नाही, आणखी काय काय खोटं आहे याचा होईल. आईला सांग, तिथे ‘प्रॉडक्ट सपोर्ट, बिझनेस सॉफ्टवेअर कंपनी, महापे, नवी मुंबई’ असं लिही. पगाराचा रकाना असेल तर तोही खरा. मुलाला साधं लिही: “मी डेव्हलपर नाही, बायोडेटात चुकीचं गेलंय. व्यापाऱ्यांच्या बिलिंग-जीएसटी सॉफ्टवेअरच्या सपोर्टला आहे, पुढे टेस्टिंग किंवा इम्प्लिमेंटेशनकडे जायचा विचार आहे.” पुढे स्मायली नको, सॉरीची माळ नको. त्याने नकार दिला तर वाईट वाटेल, पण साखरपुड्यानंतर कळून आलेल्या नकारापेक्षा हा बरा. आणि डेव्हलपर असल्यामुळे सपोर्टवाल्यांना हलकं समजणारा निघाला, तर ते तुला आत्ताच कळतंय हेही काही कमी नाही.

तुझ्यासारख्याच नोकरीत असलेल्या इतरांसाठी थोडं, कारण अशी पत्रं ऐरोलीहून, रबाळ्याहून, वागळे इस्टेटमधूनही येतात. काही ठिकाणी थांबून शिकण्यासारखं काहीच नसतं. पगाराची स्लिप मिळत नाही, पीएफ कापतात पण पासबुकात दिसत नाही, सपोर्टच्या नावाखाली दिवसभर रिन्यूअल विकायला लावतात आणि टार्गेट नाही झालं की पगार कापतात, किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेतात, अशी जागा असेल तर सहा महिन्यांची वाट बघू नका, दुसरं शोधायला आजच लागा. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, पडताळणीला दाखवायचे आणि परत पिशवीत टाकायचे. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे त्यांचं ईएसआयसी कापलं जात असतं, पण कार्ड कुठे ठेवलंय तेसुद्धा बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दिवसभर हेडसेट लावून कान दुखतो, मान धरते, घसा जातो. त्याच्या उपचारांसाठी तुमच्याच पगारातून पैसे गेलेत, ते वापरा.

तुझ्या कंपनीत मात्र यातलं काही दिसत नाही. पीएफ भरला जातो, वर एल-टूची टीम आहे, आणि तुझ्या त्या दुपारच्या मेसेजवर प्रॉडक्ट मॅनेजरने ‘गुड वर्क’ लिहिलं होतं असं तूच म्हणतेस. त्या माणसाकडे जायचं. मार्चमध्ये नको, तेव्हा वर्षअखेरीच्या कॉलमध्ये कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि एप्रिलमध्ये नव्या बिल सीरिजचा गोंधळ असतो. फेब्रुवारीत वेळ माग. वहीतले पाच नमुने, पुन्हा उघडलेल्या टिकिटांचा आकडा आणि तुझी ती तीन टेबलं घेऊन जा, आणि एल-टूची जागा निघाली की इंटरव्ह्यू द्यायचाय असं स्पष्ट सांग. हो म्हणाले तर कधीपर्यंत ते विचार. सप्टेंबरपर्यंत नुसतं “बघू” चालू राहिलं तर हाच सगळा मालमसाला रेझ्युमेत घालून बाहेर अर्ज कर. त्याआधी ऑफर लेटरमधला नोटीस पिरियड काढून बघ, तीस दिवसांचा आहे की नव्वद, कारण नवी कंपनी पहिल्या फोनवर तेच विचारेल.